कुशीचा जंबिया

निजामाच्या अमलात कुरुंद्याच्या हळदीच्या वखारीवर सालेह चाऊस नावाचा म्हातारा अरब पहारा द्यायचा. त्याच्या कमरेचा वाकडा जंबिया दिसला, की वखारीशेजारची गोजरबाई लेकरांना पदराआड ओढायची.

एका वैशाखात बांधाच्या भांडणावरून तिच्या नवऱ्याला, सोनाजीला, शेजारच्या गावात कोंडून ठेवलं. तिचा आकांत ऐकून चाऊस दारात आला. कमरेचा जंबिया सोडून त्यानं म्यानासकट तिच्या ओंजळीत ठेवला.

"माझ्या जबानीला हा गहाण. सोनाजीला घेऊनच येतो."

"अवो, तिथं लोक काठ्या घेऊन बसलेत. हत्यार इथं काहून ठेवून राहिले?"

"आमच्या अरबीत जंब म्हणजे कूस. कुशीला राहतो, म्हणून जंबिया. अब्बानं बांधला तवापासून झोपेतबी सोडला न्हाई. ह्याच्यासाठी मला परत यावंच लागंल."

गोजरबाईनं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

दिवेलागणीला चाऊस आला. कपाळ फुटून रक्त दाढीत उतरलं होतं. एका हातानं त्यानं सोनाजीला सावरलं होतं. दुसरा हात जखमेवर नव्हता, तो रिकाम्या कुशीवर घट्ट दाबलेला होता.

गोजरबाई नवऱ्याकडं गेलीच नाही. आधी देव्हाऱ्याकडं धावली.