जोत्याखालचे आरसे

रस्त्याच्या कडेला चुना मारलेले दगड आणि त्यांच्यावर फडफडणाऱ्या पताका दिसल्या की आजही माझा हात ब्रेकवर जातो. पंढरकवड्याकडे जा नाहीतर घाटंजीकडे, सगळीकडे शेतांत प्लॉटचे लेआउट पडले आहेत. नोकरी संपली, पण तिथून गुमान पुढे जाता येत नाही.

आमच्या तांड्यातल्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बारावीवर मी पोलीस शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता बी.ए.ला बसलो आहे. वर्गातली नोकरी करणारी मुलं विचारतात, "काका, पहिला प्लॉट घ्यायचा आहे, काय पाहायचं?" मी काही जाणकार नाही. मला एक गुन्हा माहीत आहे, तोच सांगतो. नावं सांगणार नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. आमच्यासारख्याच बंजारा तांड्यातली एक अंगणवाडी सेविका ठाण्याच्या दारात चप्पल काढून उभी राहिली. ठाण्यात चप्पल काढावी लागत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं, तरी ती अनवाणीच आत आली.

"साहेब, माह्या प्लॉटवर कोणी तरी घर बांधून राह्यलं."

तिला पेन्शन नव्हती. तालुक्याच्या गावी नोकरीला येणाऱ्या बायांना खोल्या मिळत नाहीत, हे तिने हेरलं होतं. दोन खोल्या बांधायच्या, त्यांच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, एवढाच तिचा हिशेब. त्यासाठी तिने एका दलालाकडून रस्त्यालगतचा एक प्लॉट घेतला होता, आणि आता तिथे जोतं भरून भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या.

बांधकाम करणारे होते एक निवृत्त कारकून. त्यांचे कागद चोख होते. रस्त्यालगतचा प्लॉट त्यांचाच होता. बाईच्या खरेदीखतातला प्लॉट निघाला मागे, नाल्याला लागून, जिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं.

अशा वेळी ठाण्यात एक ठरलेलं वाक्य असतं: हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. माझ्याही ओठांवर ते आलं होतं. पण ती म्हणाली, "मले दाखवला एक अन् देला दुसरा. कोर्टात काय सांगू, डोये खोटे होते म्हणून?" मी अर्ज ठेवून घेतला.

लेआउटच्या तोंडाशी चहाची टपरी होती. साध्या कपड्यांत दोनतीनदा तिथे जाऊन बसलो. टपरीवाला हळूच बोलला, "थो दलाल सगळ्याइले थोच एक प्लॉट दाखवते. रस्त्यावरचा. गिऱ्हाईक आलं का दगडावरचा नंबर चुन्यानं पुसते अन् नवा टाकते."

"जबाब देशील?"

"टपरी त्याच्याच जागेवर आहे, साहेब. मले कायले मारता?"

खबर होती, पुरावा नव्हता. प्लॉट कुठला दाखवला हे कागदावर कुठेच नसतं. दाखवणारा बोटाने दाखवतो आणि बोट खाली येतं.

दलालाला बोलावलं. तो आला आणि ठाण्यात येऊन मलाच म्हणाला, "चहा घ्या साहेब, मी सांगतो." मधूनमधून मोबाइल पाहायचा आणि वाजला की मोठ्या माणसांची नावं मोठ्याने घ्यायचा. मी आवाज चढवला नाही. अशा माणसाला दटावलं की तो गप्प होतो. बोलू दिलं की स्वतःभोवती कुंपण घालतो.

"बाईला रस्त्यावरचा प्लॉट दाखवलाच नाही?"

"कशाले दाखवू? थो तर आधीच त्या कारकून बाबूजीले देला होता. बाईनं तिथं पायसुदा ठेवला नाही. मी तिले नाल्याकडंच नेलं."

"एकदाही नाही?"

"देवाशपथ, साहेब."

ते शब्द जसेच्या तसे जबाबात घेतले आणि त्याची सही घेतली.

तरी मला चैन पडेना. बाईला पुन्हा बोलावलं. जागा पाहिली त्या दिवशी काय काय केलं, सगळं सांगा म्हटलं. ती पदराशी चाळा करू लागली.

"हसाल तुमी."

"ताई, मीही तांड्यातलाच आहे."

मग तिने सांगितलं. दलाल फोनवर बोलत बाजूला गेला तेव्हा ईशान्येच्या दगडापाशी तिने पिशवीतल्या खुरप्याने हातभर उकरलं होतं आणि एक नारळ अन् आईच्या काचळीचा तुकडा पुरला होता. काचळी म्हणजे आमच्या जुन्या बायांची आरसे आणि कवड्या शिवलेली चोळी. तिच्या आईची हयात ऊसतोडीच्या खोपटांत गेली होती, स्वतःचं घर न पाहताच ती वारली. आई या घरात पहिली यावी, म्हणून तो तुकडा.

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"पुरलेलं सांगत नसते. अन् मी सेविका ना. लोकायले शिकवतो हे मानू नका म्हणून, अन् मीच..."

तो कोपरा आता कारकुनांच्या जोत्याखाली होता. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, माझं काय चुकलं? नव्या घराचा कोपरा उकरता?" त्यांचं खरंच काही चुकलं नव्हतं. मी पंचांना, बाईला आणि दलालाला घेऊन उन्हात अवघडून उभा होतो. शेवटी त्यांच्या बायकोने तोंड उघडलं. "उकरा. नाहीतर रोज दिवा लावताना वाटत राहील की इथे दुसऱ्या कोणाचं तरी आहे."

गवंड्याने मुरूम काढला. खाली काळी माती लागली. आधी करवंटी निघाली, मग कुजलेल्या कापडात आरशाचे तुकडे चमकले. बाईने हुंदका दिला नाही. फक्त म्हणाली, "हेच."

दलाल म्हणाला, "मागून पुरलं असन."

गवंडीच उखडला. "काहून? मुरूम मी भरला, धुमसानं ठोकला मीच. बाई आली तं भिंती उभ्या होत्या. जोत्याखालून घुसली का?"

दलालाने मोबाइल खिशात टाकला. त्याची नजर माझ्या हातातल्या जबाबावर गेली. जिथे पाय ठेवला नाही, तिथेच तिची आई निघाली होती. गुन्हा दाखल झाला आणि त्याला अटक झाली. ही बातमी फुटली तसे आणखी फसलेले लोक आले. टपरीवालाही जबाब द्यायला आला.

म्हणून वर्गातल्या मुलांना सांगतो. कोणी बोटाने दाखवलेल्या जागेला आपली समजू नका. दगड हलतात, त्यावरचा चुना पुसता येतो. भूमिअभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. खरेदीखतातली चतुःसीमा हातात धरून चारही कोपऱ्यांवर स्वतः उभे राहा आणि शेजारच्या प्लॉटवाल्याशी बोला. जमीन अकृषक झाली का, लेआउट मंजूर आहे का, हे दलालाला नाही, कार्यालयात विचारा. शक्य असेल तर जागा भर पावसात पाहा. आणि ओळखीच्या माणसाला कागद मागायची लाज वाटून घेऊ नका. त्या बाईला तीच लाज नडली. दलाल तिच्या भावाच्या ओळखीचा होता. कागद मागितले तर भावाचा मान जाईल, असं तिला वाटलं.

रस्त्यालगतचा प्लॉट तिला मिळाला नाही. तो कारकुनांचाच होता. जामिनाच्या वेळी दलालाने तिचे पैसे भरले, पण खटला अजून उभा आहे. मी साक्षीला जातो तेव्हा ती कोर्टाच्या व्हरांड्यात भेटते आणि एकच विचारते, "साहेब, आरसे कधी भेटतीन?" ते मी पंचांसमोर लाखेने सीलबंद केले होते. उकरलं त्या दिवशी कारकुनांच्या बायकोने ते ताटात ठेवून तिच्यापुढे धरले होते, तिचा हात पुढे आला होता, आणि मला मध्ये पडून ताट घ्यावं लागलं. कायद्याने ते बरोबर होतं. तरी तो पुढे आलेला हात डोळ्यांपुढून जात नाही.

परवा तिने मला बोलावलं. गावाच्या दुसऱ्या बाजूला तिने लहानसा प्लॉट पाहिला होता. मोजणी झाली होती. हातात खरेदीखताचा मसुदा धरून ती एकेका खुंटीपाशी जाऊन उभी राहिली, शेजाऱ्याशी बोलली, तिथल्या नव्या दलालाला दोन प्रश्न असे विचारले की तो माझ्याकडे पाहू लागला. मला बरं वाटलं. शेवटी ती ईशान्येच्या कोपऱ्यावर थांबली आणि पायाने माती जराशी सारली.

"जागा बराबर आहे, साहेब," ती म्हणाली. "पण या बारीनं पुरायले काई नाही. माही माय तुमच्या मुद्देमालात हाये."