पाय न टेकणाऱ्या बायका

खारबावहून सुशीचा भाचा आला तेव्हा मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. तो जिन्याशी नुसताच उभा राहिला... काही सांगायच्या आधीच मला कळलं, सुशी गेली. तरी हातातली चादर झटकून, चिमटे लावूनच खाली उतरले. पीळ पडलेलं कापड सुशीला बघवत नसे.

भिवंडीच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, मी गणित. तिला लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय कायमचा लुळा. खुर्चीत बसून ती फळ्यावर घोडे दौडवायची. ऐंशीच्या दशकातल्या एका दुपारी तिने रद्दीवाल्याकडचं जाडजूड पुस्तक माझ्यापुढे उघडलं. जुन्या रोमन घरांच्या भिंतींवरची चित्रं होती. काळ्या भिंतीवर मद्यदेवाच्या सख्या नाचताहेत, एकीच्या हातात डफ, पाठीमागे वस्त्र शिडासारखं फुगलेलं, आणि खाली जमीनच नाही. मी तेव्हा चाळिशीतली, भलतीच सोवळी. आधी वर्गाचं दार लावलं, मग चष्मा लावून सगळं नीट पाहिलं. सुशी सांगत होती, यांच्याकडे घर राखणारे देवसुद्धा तोकड्या अंगरख्यात नाचतात, तेही स्वयंपाकघराच्या भिंतीवर. आपले बिचारे देव्हाऱ्यात बसून अवघडले असतील. मग हळूच म्हणाली, "मालू, या बायकांचे पाय कुठेच टेकत नाहीत बघ. हे मला एकदा हलताना बघायचंय."

म्हणून स्नेहसंमेलनात आम्ही रोमन नाच बसवला. कापडाला भिवंडीत काय तोटा! शेजारच्या कारखान्यातून लूमवरून उतरलेला कोरा तागा आणला. सुताला चढवलेली खळ त्यात तशीच असते, हे गावभर लूम खडखडत असताना आम्हा दोघी शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. मुली गिरक्या घेत होत्या आणि कापड पुठ्ठ्यासारखं ताठ. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तंबू चालले." सगळे हसले, सुशीही हसली. परतताना रिक्षात मात्र घर येईपर्यंत मांडीवरच्या ताग्याची ताठ घडी बोटांनी चुरत राहिली.

रविवारी मी तो तागा सोडा घालून उकळला, खळखळून धुतला, वाळवला. सुशीला एकेक पायरी चढवत गच्चीवर आणून खुर्चीत बसवलं. खाडीकडून वारा येत होता.

"आता नाच," ती म्हणाली.

"मी? लोक बघतील."

"बघू देत की. मी पण त्यासाठीच आलेय."

मग मी पदर खोचला, कापडाची दोन टोकं धरली आणि फिरले. रोमची सखी कसली, पडघ्याच्या बाजारात वळण घेणारा भरलेला ट्रक होते मी. पण मागे कापड फुगलं, दुपारचं ऊन त्यात शिरलं, आणि क्षणभर भिवंडी कुठे गेली कोण जाणे... सुशीने चित्र काढायला आणलेली वही उघडलीच नाही.

"टेकले नाहीत गं तुझे पाय," ती म्हणाली.

टेकले होते. कसला आवाज येतोय, हे विचारायला खालच्या वहिनी वर आल्या होत्या.

परवा खारबावला तिच्या खोलीत गेले. त्याच कापडाचा पडदा खिडकीला अजून आहे. वारा आला की तो फुगून तिच्या रिकाम्या खुर्चीवरून अलगद फिरतो, जमिनीला न लागता. तिची भाचेसून म्हणाली, "मावशी, पडदा धुवायला काढते. स्टार्च करू ना?"

"धू," मी म्हटलं, "पण खळ घालू नकोस."