पिसाळ सरांना दिलेला मेमो

हायस्कूलची हेडबाई व्हायची संयोगिता जगदाळे यांना मुळीच हौस नव्हती. आटपाडीकडच्या त्या शाळेत सेवाज्येष्ठतेनं पहिला नंबर आकाराम पिसाळ सरांचा. पण ऑनलाइन माहिती भरा, आहाराचा तांदूळ मोजा, संस्थेच्या लोकांची बोलणी खा, हा ताप कोण डोक्याला लावून घेणार? सरांनी सरळ नकारपत्र लिहून दिलं. त्यांचं बघून मागच्या दोघांनीही दिलं. चौथा नंबर बाईंचा. त्या नाही म्हणायच्या आत ऑर्डर हातात पडली.

पंचाईत एवढीच की बाई याच शाळेत शिकलेल्या, आणि आठवीत त्यांना गणिताला पिसाळ सरच होते. आता सर केबिनमध्ये आले की हेडबाई खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. शिपाई गालातल्या गालात हसायचा. हसू दे बापडा.

नव्या मुख्याध्यापकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण सांगलीला झालं. शिस्तीच्या दिवशी गट पाडले, प्रत्येक गटानं स्केचपेननं तक्त्यावर ‘मारणार नाही, मारू देणार नाही’ असं लिहिलं आणि मंडळी जेवायला गेली. असल्या तक्त्यांचं पुढं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाईंनी मात्र आपला तक्ता गुंडाळून एसटीतून आणला आणि शिक्षकखोलीत लावला. भोळेपणाच म्हणायचा.

आठ दिवसही गेले नसतील, पिसाळ सरांनी नववीतल्या साईराजच्या कानाखाली लगावली. पोरानं वही आणली नव्हती, एवढंच कारण. कान चांगलाच सुजला. बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. ते फौजेतून रिटायर झालेले हवालदार.

“आवं मॅडम, माजी काय तक्रार न्हाई,” ते म्हणाले. “सरांनी आनकी दोन दिल्या असत्या तरी चाललं असतं.”

म्हणजे प्रकरण मिटलंच. सरांच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेले, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक ठपका नाही. बाई गप्प बसल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. मेमो दिला तर मात्र आख्खं गाव म्हणणार, गुरूवरच उलटली. पण आज सरांना सोडलं तर उद्या कुठल्याच शिक्षकाला अडवायला तोंड उरत नव्हतं. शिवाय तो कान त्यांनी स्वतः बघितला होता. दोन दिवस बाईंना जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतःच्या हातानं मेमो लिहिला आणि सरांना बोलावून पुढं ठेवला.

सरांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. रागावले नाहीत, उलट हसले. “तू मला शिस्त शिकवनार व्हय? अगं, माझ्या हातचा मार खाल्लास म्हनून तर या खुर्चीवर हाईस. आटवतंय का?”

“आठवतंय सर. आठवीत, फळ्यापुढं.”

“मग? काय चुकलं हुतं तवा?”

“ते नाही आठवत. उदाहरण कुठलं होतं तेही नाही. मार तेवढा आठवतो.” बाईंना आता थांबणं जमेना. “सातवीपर्यंत मला गणितात पैकीच्या पैकी मार्क असायचे. त्या दिवसानंतर तुमच्या तासाला मी कधी हात वर केला नाही. पुढं कॉलेजात मराठी घेतलं, ते काही आवडीनं नव्हे.”

आजवर माजी विद्यार्थी वाटेत गाडी थांबवून सरांच्या पाया पडत आले होते. असलं काही कुणी बोललं नव्हतं. ते त्यांच्या मनाला लागलं.

“तवाच का बोलली न्हाईस?” त्यांनी हळूच विचारलं.

“भीत होते सर,” बाई म्हणाल्या. “अजून भिते.”

सरांनी खिशातलं पेन काढलं. मेमोखाली ‘मिळाला’ असं लिहून सही केली, तारीख घातली आणि घंटा व्हायच्या आधीच ते साईराजला भेटायला नववीच्या वर्गाकडं गेले.