शेवटच्या कडव्याआधी
शहागडच्या हायवेवर पंक्चर काढणारे एक चाचा आहेत. मोबाईलवर ते जुन्या सिनेमांतली रेल्वेगाडीचीच गाणी लावतात आणि प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्याआधी बंद करतात. एकदा कारण विचारलं. टायरवरची नजर न काढता म्हणाले, "बीवीला इलाजासाठी भावासंगं हैदराबादला धाडल्तं. जालन्याला गाडीत मीच बसवलं. ती तिकडंच वारली."

परवा त्यांचे दोन्ही हात टायरमध्ये गुंतलेले असताना गाणं शेवटाला आलं. "जल्दी बंद करा," ते म्हणाले. मला त्यांच्या मोबाईलवर कुठं दाबायचं ते कळेना. गाण्यातली गाडी शिट्टी देत दूर गेली.

चाचांनी टायरमधून हात काढले. मग म्हणाले, "ती खिडकीतून कायतरी सांगून राह्यल्ती. मी गाडी सुटायच्या आधीच निघून आल्तो. दुकान उघडायचं होतं."