मैनाला कुणी ओळखू नये म्हणून

घोड्याचे केस कपड्यांना चिकटून घरी येतात. कितीही झटका, सोफ्यावर, चादरीवर, एखादा वरणातसुद्धा सापडतो. रायडिंग क्लबातले किस्से माझ्याकडे असेच जमले. मी काही ते गोळा करायला गेलो नव्हतो. मी कमी बोलतो आणि हळू बोलतो, त्यामुळे लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. शिवाय मी स्वभावाने संशयी, त्यामुळे ऐकतो सगळं.

थोडं मागचं सांगतो. मी बडोद्याच्या तरसालीत राहतो. शाळा सातवीत सुटली, पुढे मकरपुऱ्याला एका कारखान्यात फिटर होतो. आमच्या मागच्या गल्लीत भीखाभाई म्हणून एकजण लग्नाला घोड्या भाड्याने द्यायचा. शहरात वरघोडा, म्हणजे नवरदेवाची वरात, निघाली की दहातल्या चार वेळा खाली घोडी भीखाभाईची. त्याचे गुडघे गेले तसा त्याने धंदा गुंडाळला. घोड्या विकल्या गेल्या, एक राहिली. मैना. ठेंगणी, पांढरीशुभ्र, डावा कान तेवढा तपकिरी. तिला एक वीटभट्टीवाला मागत होता. माझी नात रेवा रोज शाळेतून येताना तिला पोळी द्यायची. भट्टीचं ऐकल्यावर ती जेवेना. शेवटी मुलाने घोडी घेतली आणि शहराबाहेर एका क्लबात तिची राहायची सोय केली. मुलगा-सून नोकरीला, म्हणून रेवाला नेणं-आणणं माझ्याकडे.

०००

पहिल्याच दिवशी वॉचमनने टेम्पो गेटवर अडवला. बर्थडे पार्टी मागच्या लॉनवर आहे, घोडी तिकडून घ्या, म्हणाला. मी म्हटलं, पार्टीला नाही आलो, आम्ही मेंबर आहोत.

त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं. मग मैनाकडे. मग आत फोन लावून हळूच म्हणाला, "साहेब, अहीं एक तट्टू आव्युं छे. कहे छे के मेंबर छे."

०००

सेक्रेटरी पारेखभाई माणूस गोड. त्यांनी चहा पाजला. मला चहा पाजणाऱ्या माणसाचा लगेच संशय येतो.

गेल्या वर्षी कुणीतरी लग्नातली घोडी आणून बांधली होती, असं ते सांगायला लागले. कमिटीला कळलं तशी ती संध्याकाळच्या आत बाहेर. का, तर क्लबाचा क्लास जातो. "काका, इथे लोक रायडिंगला येतात, वरघोड्याला नाही," असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता विचारलं, "तुमची कुठली?"

मी म्हटलं, "तरसालीची."

ते पुढे काही विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांचा फोन वाजला. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण त्या चहानंतर माझी झोप उडाली. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. भीखाभाईच्या तबेल्यात आता टायरचं दुकान. मैनाला इथून काढलं तर जागा एकच उरत होती, आणि तो भट्टीवाला अजून अधूनमधून फोन करून तिची चौकशी करायचा.

तेव्हापासून क्लबात मला कुणी नुसतं "केम छो" म्हटलं तरी वाटायचं, ह्याला काहीतरी कळलंय.

०००

क्लबात सर्वांत उंच घोडा तृप्तीबेनचा. नाव प्रिन्स. त्याला पंखा वेगळा, पाण्याची बादली वेगळी, आणि नाल ठोकणारा माणूस अहमदाबादहून यायचा. तृप्तीबेन स्वतः बसत नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. त्या खुर्ची टाकून सावलीत बसतात आणि कुणाचा घोडा काय लायकीचा ते ठरवतात.

एकदा त्यांनी मला बोलावून फोनवर फोटो दाखवले. हा प्रिन्सचा बाप. ही आई. हा आईचा बाप, ह्याने मोठमोठ्या रेस मारल्या. मी चष्मा पुसून नीट पाहिलं. घोडा खरंच देखणा होता.

"तुमच्या मैनाचे आजोबा कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बेन, फोटो तर माझ्या आजोबांचाही नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. बायका असं बघायला लागल्या की काहीतरी मोजत असतात. घरी येऊन मी रेवाच्या आजीला म्हटलं, ही बाई धोक्याची आहे.

०००

मैनाचा तपकिरी कान मला रात्रंदिवस टोचायचा. शहरात शेकडो नवरदेव त्या कानाच्या मागे बसून गेले होते. मी बायकोला म्हटलं, काहीतरी कर. तिने क्रोशाची कानटोपी विणली, निळी, कडेला पांढरे गोंडे. दोन्ही कान आत.

चौथ्या दिवशी एका बाईंनी अडवलं. टोपी कुठून मागवली? मी म्हटलं, घरीच केली. त्यांचा विश्वास बसला नाही. "सांगायचं नसेल तर नका सांगू, काका," म्हणाल्या आणि रुसल्या.

महिनाभरात अर्ध्या क्लबाच्या घोड्यांना गोंडे लागले. त्या बाईंनी कुठल्याशा साइटवरून मागवले होते. मला दाखवून म्हणाल्या, "तुमचा माल जरा लोकल वाटतो."

०००

क्लबाच्या भिंतीपलीकडे एक पार्टी प्लॉट आहे. लग्नसराई सुरू झाली आणि एका संध्याकाळी तिथे बँड वाजायला लागला. क्लबातले घोडे बिथरले. प्रिन्सने दोन सईसांना अंगणभर ओढलं.

मैना मात्र मैदानाच्या मधोमध थांबली. मान कमानीसारखी वाकवली. मग पुढचा एक पाय उचलून हवेत धरला, ठेवला, दुसरा उचलला. ढोलाच्या ठोक्याला ठोका. पाठीवर रेवा. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. संपलं, मला वाटलं.

कोच राठोडसर धावत आले. त्यांनी मैनाच्या पायांकडे पाहिलं आणि पारेखभाईंना हाक मारली. असं पाय उचलून चालवायला घोड्याला वर्षानुवर्षं शिकवावं लागतं, परदेशात ह्याच्या स्पर्धा होतात, असं ते सांगत होते. तोवर बरेच मेंबर जमले.

"काका, हिला ट्रेन कुणी केलं?" पारेखभाईंनी विचारलं.

"आधीच्या मालकांनी."

"ते आता बाहेर असतात का?"

"नाही, घरीच. गुडघे गेले त्यांचे."

"ओहो, रायडिंगची इंज्युरी," पारेखभाई हळहळले.

राठोडसर तेवढे गालात हसले. मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

०००

मुलांच्या छोट्या स्पर्धेत निराळंच झालं. रेवाची पाळी आली. मैना झोकात निघाली आणि वळणावर माझ्या सुनेने फोन वर धरला. मैना जागच्या जागी थांबली. तोंड फोनकडे, मान थोडी तिरकी, डोळे उघडे. लग्नात फोटोवाला म्हणेपर्यंत हलायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक. सुनेचा फोन खाली गेला तर शेजारच्याचा वर आला. मैना त्याच्याकडे वळून थांबली.

लोक हसायला लागले. रेवाचे कान लाल झाले. तेव्हा राठोडसरांनी माइक घेतला आणि सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितलं. घोडी सेन्सिटिव्ह आहे, म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, भारी ब्रीडचं असंच असतं.

रेवाने फेरी पूर्ण केली. तिच्यानंतर आणखी मुलं होती, पण फोन कुणी काढला नाही. त्या संध्याकाळी आईबापांना करायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी आपापल्या मुलांकडे बघितलं.

०००

मग तृप्तीबेन गाजरं आणायला लागल्या. प्रिन्ससाठी नाही, मैनासाठी!

दुपारच्या उन्हात खुर्ची सोडून ती बाई मैनाच्या ठाणापाशी येऊन उभी राहायची. एकदा मी वळून पाहिलं तर फोन डोळ्यांजवळ धरून एकदा स्क्रीनकडे, एकदा मैनाकडे बघत होत्या. मला पाहिल्यावर फोन पर्समध्ये गेला. त्यांच्या मुलीचं लग्न दोन वर्षांपूर्वी थाटात झाल्याचं मी ऐकून होतो. मैना त्या लग्नात होती का, हे भीखाभाईला विचारून पाहिलं. त्याला काही आठवेना. एवढ्या लग्नांत कुणाची कुणास ठाऊक, म्हणाला.

त्याच आठवड्यात रेवा मैनाला खरारा करत होती आणि मला विचारत होती, भट्टीत घोडी काय काम करते? मी म्हटलं, विटा ओढते. उन्हात? मी म्हटलं, हो. टोपी घालू देतात? मी ठाणातलं गवत सारखं करायला लागलो. रेवाने मैनाच्या मानेत तोंड खुपसलं.

मी पाण्याची बादली उचलायला वळलो तर ठाणाला उन्हासाठी लावलेल्या पडद्यामागे तृप्तीबेन. हातात गाजर. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मागच्या मागे निघून गेल्या, आणि गाजरही तसंच घेऊन गेल्या.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, आता आवराआवर करायची.

०००

कमिटीचं बोलावणं रविवारी सकाळी आलं. कुणा मेंबरच्या ड्रायव्हरने मैनाला ओळखलं होतं. त्याच्या गल्लीतल्या लग्नात हीच होती, असं त्याने सांगितलं म्हणे. माझी खात्री होती की ड्रायव्हर हे निमित्त आहे, करणारी तृप्तीबेन. त्या कमिटीच्या टेबलाला अगदी मधोमध बसल्या होत्या, गॉगल लावून.

रेवा बाहेर मैनाचा दोर धरून उभी होती. दोर तिने हाताला गुंडाळून घेतला होता. तसं करायचं नसतं.

पारेखभाईंनी चहा मागवला नाही. सरळ विचारलं, "काका, ही घोडी लग्नाची आहे का?"

खोटं बोलायचं नाही, असं मी घरून ठरवून निघालो होतो. पण मला बोलायच्या आधी घसा साफ करावा लागतो. तेवढ्यात तृप्तीबेन म्हणाल्या, "हो. लग्नाची आहे."

मी दारातून बाहेर रेवाकडे पाहिलं.

"माझ्या मुलीच्या लग्नाची," त्या पुढे म्हणाल्या. "जमाई हिच्यावरच बसून आले. पारेखभाई, तुम्ही हिच्या पुढे नाचला होता. विसरलात?"

पारेखभाई गोंधळले. तृप्तीबेननी गॉगल काढला. लग्नात घोडी राजस्थानच्या एका राजघराण्याच्या तबेल्यातून आणली होती, हे त्यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. टेबलाभोवती बसलेले सगळे त्या लग्नात जेवले होते. त्यांनी एकेकाला विचारलं, आठवते ना?

"हो हो," पारेखभाई म्हणाले. "चाल बघूनच मला वाटलं होतं."

दुसरे एक मेंबर म्हणाले, आपण तर तिच्यासोबत सेल्फी काढली होती. तिसऱ्यांनी तेव्हाच तिची किंमत विचारली होती म्हणे. ड्रायव्हरवाले मेंबर आपल्या ड्रायव्हरला शिव्या देत उठले. मैनाचं ठाण कायम झालं, वर पंखाही मंजूर झाला. मी उभाच होतो. माझं उत्तर कुणी विचारलंच नाही.

बाहेर येऊन रेवाला सांगितलं. तिने दोर सोडवून घेतला. हाताला वळ उठले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी विचार करत राहिलो, ह्या बाईला ह्यातून काय पाहिजे?

पुढच्या रविवारी तृप्तीबेनची मुलगी माहेरी आली होती, तिला घेऊन त्या क्लबात आल्या. राठोडसरांनी मोठ्या कौतुकाने तिला मैनाच्या ठाणापाशी आणलं आणि म्हणाले, ओळखलंत का हिला? मी तिथेच चंदीची बादली घेऊन उभा होतो. मुलीने मैनाच्या नाकावरून हात फिरवला, मागे सरून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईकडे वळली.

"पण मम्मी, आपली तर काळी होती ने?"

राठोडसर माझ्याकडे बघायला लागले. मी बादलीकडे.

तृप्तीबेननी पर्समधून गाजर काढलं, मोडून अर्धं मैनाला दिलं, आणि उरलेलं अर्धं रेवाच्या हातात ठेवलं.

"त्या दिवशी लायटिंग फार होतं, बेटा," त्या म्हणाल्या. "तुला नीट दिसलं नसेल."