चैतात चाखा

बापूराव सावळीकर कुणाकडेही घर बघायला गेले की आधी परसात जायचे. ओसरीवर सतरंजी अंथरलेली असो, पानाचं तबक पुढे आलेलं असो, हे गृहस्थ वहाणा काढून सरळ विहिरीवर. पोहरा सोडायचे, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, डोळे मिटून ते गालांत घोळवायचे आणि मग गिळायचे. पाणी पसंत पडलं तर उपरण्याच्या टोकाला बांधलेली मूठभर तुरीची डाळ सोडून घरातल्या बाईंपुढे धरायचे आणि ती याच विहिरीच्या पाण्यात चुलीवर ठेवायला सांगायचे. डाळ शिजेपर्यंत यांच्या गप्पा. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी कुठे तोंड लपवावं असं व्हायचं.

"भित काय, सारवता येते," ते म्हणायचे. "पानी सारवता येते काय?"

आम्ही दोघं अकोल्याच्या एका शाळेत एकाच आठवड्यात रुजू झालो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि अकोला म्हणजे कापसाचं गाव. हंगामात रस्त्यावरच्या गाड्यांतून उडालेला कापूस आमच्या टोप्यांवर येऊन बसे. मी अमरावतीचा, इंग्रजी शिकवणारा. दोन वर्षं पुण्याला शिकलो होतो आणि घरची भाषा तिथेच सोडून आलो होतो. बापूराव अचलपूरचे, गणिताचे मास्तर, आणि त्यांनी आपलं काहीच कुठे सोडलेलं नव्हतं. हेडमास्तरांशीही ते "मी काय म्हनून राहिलो" असंच बोलायचे, आणि हेडमास्तर ऐकून घ्यायचे. माझं इंग्रजी मात्र कुणी ऐकून घेत नसे.

दोघांनाही घर घ्यायचं होतं. त्यांना कशासाठी, ते त्यांनी कधी फोड करून सांगितलं नाही. माझं सांगतो. पुण्याची दोन वर्षं सोडली तर वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मी अमरावतीला चुलत्यांच्या घरी राहिलो होतो. भिंतीत खिळा ठोकायचा तर काकूंना विचारावं लागे, आणि काकू काकांना विचारीत, आणि मग खिळा राहूनच जाई. माझी बायको यशोदा हिनं सहा वर्षं त्या घरात आपलं एक फडताळसुद्धा आपलं म्हणून उघडलं नव्हतं. आपल्या भिंतीत आपल्या हातानं खिळा ठोकायचा, एवढंच मला हवं होतं.

दर रविवारी आम्ही दोघं अकोलं पाहायला निघायचो. मी हमरस्त्यानं चालायचो, ते बोळांत शिरायचे. "गाव पाहाचं त मांगून पाहा," ते म्हणत, "म्होरून सारेच सजून बसते." दोन महिन्यांत ताजनापेठेपासून मोर्णा नदीच्या पलीकडच्या जुन्या शहरापर्यंत कुठल्या आळीत कुणाची विहीर आटते, कुणाची खारी, हे त्यांना पाठ झालं. रहीमभाई टांगेवाला त्यांना पाहून टांगा उभा करायचा आणि उर्दूत खुशाली विचारायचा. मला तो "बाबूजी" म्हणायचा, म्हणजे ओळखत नव्हता. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि तो अगदी साध्या गोष्टींवरून वाटायचा. एकाच आठवड्यात आम्ही या गावात उतरलो होतो, आणि गाव त्यांचं झालं होतं.

आश्विनात मला घर सापडलं. मला, बापूरावांना नव्हे. जठारपेठेच्या वाटेवर एका म्हाताऱ्या वकिलांचं. तीन खणांची ओसरी, मागे शेवगा, आणि विहीर. वकील मुलाकडे नागपूरला कायमचे निघाले होते. यशोदेनं स्वैपाकघरातलं फडताळ उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, तेव्हाच माझं ठरलं. बापूराव नेहमीप्रमाणे विहिरीवर गेले. डाळ शिजली, छान मऊ शिजली. तरी त्यांचं तोंड खुलेना.

"पानी आज गोडं हाये," ते म्हणाले. "पावसाचं हाये ते. चैतात चाखा, मंग बोला. वकिलाले थांबाले मी सांगतो."

वकिलांना हे का सांगणार? घर माझं, व्यवहार माझा, आणि मध्ये हे कोण? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम त्या वाटेनं गेलो, तर बापूराव त्याच ओसरीवर वकिलांशेजारी बसलेले, आणि वकील त्यांच्या पाठीवर हात ठेवून हसत होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला सहा महिने थोपवायचं आणि तेवढ्यात स्वतः घर बळकावायचं. तो उजेड नव्हता हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली, पण त्या रात्री मला झोप आली नाही. आठ दिवसांत मी खरेदीखत करून मोकळा झालो.

वास्तुशांतीला बापूराव सपत्नीक आले. पुरणपोळीवर ताव मारला. मग परसात जाऊन ओंजळभर पाणी प्यायले आणि काही बोलले नाहीत. मी ओसरीच्या भिंतीत खिळा ठोकला होता, तो त्यांना दोनदा दाखवला.

चैत्र आला. पाडव्यानंतर पंधरा दिवसांत विहिरीचं पाणी जिभेला चरचरू लागलं. वरण दुपारपर्यंत चुलीवर रटरटे आणि डाळीचा दाणा तसाच ताठ. यशोदेनं ते वरण माझ्या पानात वाढलं आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजींनी सांगितलं होतं." वरण गिळलं, पण हे वाक्य गिळता आलं नाही.

बापूरावांनी तोवर जुन्या शहरात एक ठेंगणं घर घेतलं होतं. वाकल्याशिवाय आत जाता येत नसे, पण विहिरीचं पाणी अमृत. तेव्हापासून दर वर्षी चैत्रापासून मृगापर्यंत मी सकाळी दोन कळशा घेऊन पूल ओलांडून त्यांच्या दारी उभा राहू लागलो. पाणी शेंदायला ते मला हात लावू देत नसत. स्वतः शेंदायचे, स्वतः ओतायचे आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे. फक्त त्या एका विषयावर नाही. "मी म्हणालो होतो ना," एवढं एकदा ते म्हणाले असते तर मी त्यांच्याशी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. अकरा उन्हाळे त्यांनी मला ती संधी दिली नाही. त्यांच्या विहिरीचा हेवा मला वाटेच. पण खरा हेवा वाटे तो त्या गप्प बसण्याचा.

बाराव्या उन्हाळ्यात मलाच राहवेना. ते दोर ओढत होते. मी म्हणून टाकलं की तुम्ही थांबायला सांगितलंत, तेव्हा मला वाटलं घर तुम्हालाच हवंय, म्हणून मी घाई केली.

पोहरा काठावर टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले.

"मंग? खोटं काय होतं त्यात? मले पाहिजेच होतं ते घर. तुमाले चैताचं सांगून मी वकिलाले घोळात घेऊन राहिलो होतो. तुमी घाई केली म्हनून वाचलो, गोविंदराव. नाई त आज मी तुमच्या दारी कळशा घेऊन उभा असतो."

मी इतका हसलो की कळशी कलंडली. बारा वर्षांचं ओझं उतरलं. हा माणूस देव नव्हता, माझ्यासारखाच होता. थोडा लबाड, थोडा हावरा. घरी पोचताच मी यशोदेला सांगितलं, "बघ तुझे भाऊजी." ती कळशी उचलून आत गेली. त्यानंतरची दोन वर्षं बापूराव मला जितके आवडले तितके आधी कधीच आवडले नव्हते. मी तासन्‌तास त्यांच्या विहिरीच्या काठावर बसू लागलो, आणि आमची खरी दोस्ती झाली ती तेव्हा.

मग ते गेले. पोटाच्या दुखण्यानं, आठ दिवसांत. तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांचं मन थोडं दुसरीकडे वळावं म्हणून मी हसत हसत ती गोष्ट काढली, बापूरावांनी माझं घर कसं लाटायचा बेत केला होता ती. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुमचं घर? नाई हो," त्या म्हणाल्या. "तुमी ते घर पाहाले गेले, त्याच्या आधीच या घराचा इसार झाला होता. लिखापढी होईस्तोवर कोनाले सांगू नका म्हनून मीच त्याइले बजावलं होतं. वकिलाकडे ते गेले होते ते तुमच्याचसाठी, चैतापर्यंत थांबा म्हनाले वकिलाले."

मी कसाबसा उठलो. दाराशी वाकायचं विसरलो आणि चौकट कपाळाला लागली.

पुलावरून येताना मी बापूरावांवर मनापासून चिडलो होतो. गाव त्यांचं, पाणी त्यांचं, गप्प बसणंही त्यांचं. आणि ज्या एका गोष्टीत मी स्वतःला त्यांच्या बरोबरीचा समजत होतो, तो खोटेपणा, तोही त्यांनी माझ्यासाठी उसना आणला होता. मी कुणासाठी स्वतःला लबाड म्हणवून घेतलं असतं का? विचारून पाहिलं. उत्तर मला आवडलं नाही.

घरी आल्यावर यशोदेनं कपाळावर हळद लावली. मी म्हणालो, "बापूराव माझ्याशी खोटं बोलले होते. घर त्यांना नकोच होतं."

"मग कशाला बोलले?" तिनं विचारलं.

'माझ्यासाठी' एवढा एकच शब्द सांगायचा होता. हेव्यानं तोही मला सांगू दिला नाही.