एका सीटची गाडी

अण्णाचं मशीन शॉप बेळगावात, उद्यमबागेत होतं. हायड्रॉलिकच्या कामाला लागणारे छोटे सुटे भाग तो तिथं बनवायचा. आई-वडील लवकर गेल्यामुळे मला वाढवलं त्यानंच, आणि मोटरसायकल शिकवली तीही त्यानंच. रविवारी सकाळी कॅम्पातले रस्ते मोकळे असायचे. मी क्लच झटक्यात सोडायची, गाडी उडी मारून बंद पडायची, आणि मागून तो ओरडायचा, "अगं, हळू सोड की! पळून चाललाय व्हय तो?"

त्याला वेड होतं मोटरसायकलच्या चोवीस तासांच्या शर्यतींचं. एकच गाडी, दोघं-तिघं आळीपाळीनं चालवतात, दिवस उलटून रात्र होते, पुन्हा उजाडतं, तरी गाडी फिरतच असते. परदेशातल्या त्या शर्यती तो जेवताना मोबाईलवर लावून बसायचा. वहिनी वैतागायची. "जेवताना तरी ती भुणभुण बंद करा," म्हणायची. तो आवाज कमी करायचा, बंद मात्र करायचा नाही.

एका कंपनीनं तसल्या शर्यतीच्या गाडीवर बेतलेलं एक मॉडेल काढलं. लिमिटेड एडिशन. देशात मोजक्याच येणार होत्या आणि हँडलजवळच्या पट्टीवर प्रत्येकीचा आपला नंबर कोरलेला असणार होता. नेकेड गाडी, म्हणजे अंगावर प्लॅस्टिकचं आवरण नाही, इंजिन सगळं उघडं. गोल दिवा पिवळ्या काचेचा. मागं दुसऱ्या माणसाला जागाच नाही. तिथं सीटच्या रंगाचं टणक कव्हर. इंजिन फार मोठं नव्हतं. "आपल्या रस्त्याला एवढंच बास," अण्णा म्हणाला आणि त्यानं बुकिंग केलं. स्वतःच्या हौसेसाठी त्यानं काही घेतल्याचं त्याआधी मला आठवत नाही.

गाडी यायला वेळ होता. त्या मधल्या काळात त्याच्या डाव्या हातातून नट आवळायचे पाने निसटायला लागले. आधी कामाचा ताण म्हणून त्यानं सोडून दिलं. मग शर्टाची बटणं लागेनात. दिवाळीला मी निपाणीहून माहेरी आले, त्याला ओवाळायला बसले, तेव्हा त्याच्या अंगठ्याखालचा उंचवटा गेलेला दिसला. तिथं तळवा आत बसला होता.

बेळगावात तपासण्या झाल्या, मग बेंगळूरला. तिथल्या डॉक्टरबाई फार सावकाश बोलल्या. स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. अण्णानं विचारलं, "थांबवायला काय हाय का?" त्यांनी नाही म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. अण्णा मला म्हणाला, "डोकं शाबूत राहणार म्हणे. तेच गेलं असतं तर बरं झालं असतं की गं."

आणि मग शोरूममधून फोन आला, गाडी आली म्हणून.

मला वाटलं, तो नको म्हणेल. तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. तिथं त्यांनी गाडीवर रेशमी कापड घातलं होतं. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. सगळे टाळ्या वाजवत होते, कुणी फोटो काढत होतं. अण्णा बसला. उजव्या हातानं बटण दाबलं, इंजिन सुरू झालं. त्यानं डाव्या हाताची बोटं क्लचवर ठेवली. दांडी अर्धी आली आणि तिथंच राहिली. पुन्हा दाबली. त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला दिसत होत्या. शोरूमचा माणूस हसत म्हणाला, "सर, नवी गाडी हाय, जरा कडक असते."

"व्हय, कडक हाय," अण्णा म्हणाला आणि इंजिन बंद केलं. गाडी टेंपोत घालून घरी आणली.

दुसऱ्याच दिवसापासून तो आपल्या मशीनच्या दुकानात बसू लागला. त्याचा हात चालत नव्हता, म्हणून तो सांगायचा आणि त्याचा जुना कारागीर लेथवर करायचा. क्लचची जास्त लांब दांडी, कमी जोरात ओढली जाईल अशी. एक मोडली, एक बसलीच नाही. अखेर एक जमली. चालत्या गाडीत क्लच न दाबता गिअर पडायची सोय होतीच; क्लच लागणार होता तो फक्त निघताना आणि थांबताना. वहिनीनं गाडीची चावी लपवून ठेवली. त्यानं मागितली नाही; दुसरी चावी दुकानात होती.

मार्गशीर्षातली दुपार होती. मी निपाणीला घरी एकटी होते. दारात काहीतरी घरघरत आलं आणि धक्का खाऊन बंद पडलं. बाहेर येऊन बघते तर अण्णा. हेल्मेटच्या आत तो हसत होता.

"कसा आलास?"

"चालवत."

"एकटाच?"

"मग? सीट एकच हाय की!" श्वास लागला होता, तरी तो बोलतच होता. "मधे कुठं थांबलो न्हाय बघ. थांबलो तर परत निघता आलं नसतं. तवंदीच्या घाटात काय वळते गं ही! लई म्हणजे लई..."

मी म्हटलं, "उतर आधी. पाणी देते."

तो उतरला नाही. "हात सोडव गं," म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग दिसलं, त्याची डाव्या हाताची बोटं हँडलच्या मुठीभोवती तशीच आवळलेली होती. उघडत नव्हती. मी एकेक बोट धरून सोडवलं. उन्हातून आला होता तरी हात गार होता. सगळी बोटं सुटली तोवर त्याचं हसू गेलं होतं.

ओसरीवर बसून त्यानं दोन घोट पाणी घेतलं. तिसऱ्याला ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाला, "परत कसं जायाचं, ह्याचा इचारच केला न्हाय मी."

संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं त्याला कारमधून बेळगावला सोडलं. गाडी आमच्या तंबाखूच्या जुन्या वखारीत राहिली. वखार आता रिकामीच असते. दर रविवारी मी तिथं जाऊन फोन लावायची आणि त्याला इंजिन ऐकवायची. तो डोळे मिटून ऐकायचा, वहिनी सांगायची. उजवा हातही गेला, मग पाय. एका रविवारी मी बटण दाबलं आणि तो फोनवर म्हणाला, "बास कर. ऐकवत न्हाय आता." तोपर्यंत त्याचे शब्द जड झाले होते. ते वाक्य मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

पुढं बोलणं पूर्ण गेलं. शेवटच्या दिवसांत एकदा मी त्याच्याजवळ बसले होते. त्याला काहीतरी सांगायचं होतं. घशातून नुसता आवाज येत होता. तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि मी त्याच्या तोंडाजवळ कान नेत होते. पाणी? नाही. कूस बदलू? नाही. वहिनीला बोलावू? नाही. अखेर मी म्हटलं, "व्हय अण्णा, व्हय." त्यानं माझ्याकडं बघितलं. मला काहीच कळलं नव्हतं हे त्याला कळलं. त्यानं डोळे भिंतीकडं वळवले. काय सांगायचं होतं, ते राहिलं ते राहिलंच.

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "ती गाडी परत माझ्या दारात नको, विकून टाका." पुण्याहून एक गृहस्थ ती घ्यायला आले. अशा नंबरच्या गाड्या जमवणारे होते. सभ्य माणूस, चपला बाहेर काढून वखारीत आले. गाडीभोवती फिरले, मीटर बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, ही तर काही चाललीच नाही. नवीच आहे म्हणायची."

"व्हय," मी म्हटलं.

आता दुकान दुसरं कुणी चालवतं. वहिनी खानापूरला तिच्या भावाकडं असते. आधी आम्ही रोज बोलायचो. हल्ली मी फोन करते तेव्हा ती जेवलीस का विचारते, मी हो म्हणते, पाऊसपाण्याचं निघतं, आणि मग दोघींपैकी कुणीतरी फोन ठेवतं.